न दिसणारा विस्तव

छोट्या कढल्यात दोन चमचे तेल घालायचं, शेगडी लावायची आणि गॅलरीतल्या कुंडीतून कढीपत्त्याची काडी तोडून आणायची. गॅसवर तेवढ्या वेळात तेल जेमतेम तापतं. वर्षानुवर्षं हात याच हिशेबाने चाललेले असतात. इंडक्शनवर मात्र काडी घेऊन परत येईतो तेलातून निळसर धूर निघायला लागलेला असतो. मोहरी टाकताक्षणी काळी पडते, हिंग करपतो आणि घरभर ठसका लागतो. नवी शेगडी आली की पहिल्या आठवड्यात अनेक घरांत हे घडतं. स्वयंपाक करणाऱ्याचा अंदाज कच्चा असतो म्हणून नव्हे, तर तो अंदाज ज्या ज्वाळेकडे बघून बांधला जायचा, ती ज्वाळाच समोर नसते म्हणून.

चूल धुरायची, स्टोव्ह फरफरायचा, गॅस सुटला तर वास यायचा. आपल्या स्वयंपाकघरातला विस्तव आजवर डोळ्यांना, कानांना, नाकाला आपली खबर देत आला. विजेची शेगडी गप्प असते. काळ्या काचेवर दोन लाल आकडे दिसतात, आतला पंखा मंद घुमतो, एवढंच. त्यामुळे ती वापरताना धोक्याच्या जुन्या खुणा विसरून नव्या शिकाव्या लागतात, आणि त्या शेगडीच्या काचेवर कमी, भिंतीतल्या बोर्डात, वायरीत आणि भांड्याच्या बुडाशी जास्त सापडतात.

हे शिकायची गरज आता वाढते आहे. केंद्र सरकारच्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने २०२३ च्या नोव्हेंबरात विजेवरच्या स्वयंपाकाचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला आणि देशभर २० लाख इंडक्शन शेगड्या पोचवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्याआधीच पुण्या-मुंबईतल्या भाड्याच्या खोल्यांमध्ये, नोकरीसाठी एकट्याने राहणाऱ्यांच्या ओट्यांवर आणि सिलिंडर अचानक संपला तर सोय म्हणून हजारो घरांत ती येऊन बसली होती.

तिच्याआधी होती ती कॉइलची शेगडी. वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही ती आठवेल: पांढऱ्या चिनी मातीच्या तबकडीत नागमोडी खाचा, त्या खाचांत बसवलेली निक्रोमची स्प्रिंग, खाली पत्र्याचे पाय. दूध उतू गेलं की तार तुटायची, आणि तुटलेली दोन टोकं पक्कडीने पिळून पुन्हा जोडली जायची. चहा व्हायचा, पण तो जीव धोक्यात घालून. त्या स्प्रिंगमधून थेट २३० व्होल्टची वीज वाहते. पातेल्याचं बूड तिला टेकलं आणि ओल्या हाताने कुणी पातेलं धरलं, तर मध्ये अडवणारं काहीही नसतं. अशी उघड्या तारेची शेगडी अजून माळ्यावर असेल, तर ती दुरुस्त करून वापरण्यात अर्थ नाही. ती भंगारात द्यावी.

इंडक्शनची रचना वेगळी आहे. काचेखाली तांब्याच्या तारेचं सपाट वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला २० हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारी वीज सोडली जाते. त्यामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र काचेतून आरपार जातं आणि वर ठेवलेल्या लोखंडी बुडात विजेचे भोवरे उठवतं. तापतं ते भांड्याचं बूडच. काच तापते ती त्या बुडाच्या आचेने. म्हणून लोहचुंबक चिकटेल तेच भांडं चालतं. निव्वळ ॲल्युमिनियमचं, तांब्या-पितळेचं भांडं शेगडी ओळखतच नाही. स्टीलच्या भांड्यांतही दोन जाती आहेत. काहींना चुंबक चिकटतो, काहींना नाही. दुकानात जाताना फ्रिजवरचा एखादा चुंबक खिशात टाकून नेला, तर विक्रेत्याला विचारावंही लागत नाही.

आता बोर्डाकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. बाजारातल्या इंडक्शन शेगड्या साधारण १२०० ते २००० वॉटच्या असतात. २००० वॉटची शेगडी पूर्ण जोरात चालली, तर २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर वीज ओढते. घरातल्या छोट्या प्लगची क्षमता असते ६ अँपिअर, मोठ्या पॉवर पॉइंटची १६. कंपनी २००० वॉटच्या शेगडीला जाड पिनांचा प्लग देते तो यासाठीच. पण ओट्याजवळ मोठा पॉइंट एकच असतो आणि तो मिक्सरने किंवा फ्रिजने अडवलेला असतो. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर प्लग येतो, नाहीतर हॉलमधला एक्स्टेन्शन बोर्ड स्वयंपाकघरात येतो. शेगडी चालू होते, वरण शिजतं, तक्रार काहीच नसते.

शिजून झाल्यावर खटका बंद करून तो प्लग उपसून हातात घ्यावा. पिना कोमट लागल्या तर ठीक. बोट ठेववत नसेल, पितळेचा पिवळा रंग जाऊन तपकिरी-काळी छटा आली असेल, सॉकेटच्या भोकांभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल किंवा मासळीसारखा उग्र वास येत असेल, तर तो बोर्ड आतून जळू लागला आहे. असं होतं कारण सॉकेटमधली पकड सैल झालेली असते. पिन आणि पत्ती यांच्या जोडात नुसता अर्धा ओहम रोध उभा राहिला, तरी पावणेनऊ अँपिअरला तिथे ३८ वॉट उष्णता सुटते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांची डाग द्यायची सोल्डरिंग लोखंडी २५ वॉटची असते आणि ती कथील वितळवते. म्हणजे दीड सोल्डरिंग लोखंडी भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या डबीत, रोज तास-दीड तास, कुणाचं लक्ष नसताना चालू असल्यासारखं आहे.

यावर उपाय महाग नाही. वायरमनला बोलावून ओट्याजवळ शेगडीसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्यायचा, त्याला किमान अडीच चौरस मिलिमीटरची आयएसआय मार्कची तांब्याची वायर ओढायची आणि मीटरजवळच्या पेटीत त्याला वेगळा एमसीबी द्यायचा. नळापासून आणि बेसिनपासून हा पॉइंट लांब हवा, शिवाय शेगडीच्या बरोबर मागे नको, म्हणजे पेटत्या कढईवरून हात नेऊन खटका बंद करायची वेळ येणार नाही. जुन्या चाळीत किंवा चाळीस वर्षांच्या इमारतीत अर्थिंग आहे का, हे आधी तपासून घ्यावं. प्लगची तिसरी, जाड आणि लांब पिन शोभेची नसते. शेगडीच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती त्याच पिनेतून जमिनीत जाते. भोकात बसत नाही म्हणून ती पिन तोडून टाकलेले प्लग आजही दिसतात आणि पाहणाऱ्याच्या काळजात धस्स होतं.

आणखी एक गैरसमज. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. ३० मिलिअँपिअरची वीज वाट चुकून अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत जाऊ लागली, की तो निमिषार्धात पुरवठा तोडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावं. घरातली वीज गेली तर तो धडधाकट आहे.

काचेची गोष्ट वेगळीच मजेची आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीचे संशोधक डोनाल्ड स्टूकी काचेचा एक तुकडा ६०० अंशांवर तापवत होते. भट्टी बिघडली आणि तापमान ९०० पर्यंत चढलं. वितळलेला गोळा मिळेल असं धरून त्यांनी भट्टी उघडली, तर आत दुधाळ रंगाची अखंड पाटी होती. चिमट्यातून निसटून ती फरशीवर पडली आणि फुटली नाही. काच-सिरॅमिकचा जन्म तो. शेगडीवर बसते ती याच कुळातली काच. तापली तरी ती जवळजवळ प्रसरण पावत नाही, त्यामुळे गरम असताना थंड पाण्याचे शिंतोडे उडाले तरी तडकत नाही. स्वस्त शेगड्यांवर मात्र कधी कधी साधी टफन्ड काच असते. घेतानाच विचारून घ्यावं.

आच सोसणारी ही काच घाव मात्र सोसत नाही. शेगडीच्या वरच्या फळीवर मिठाची चिनी मातीची बरणी ठेवलेली असते, आणि एक दिवस ती काठावर आपटते. बिडाचा तवा काचेवरून ओढला की त्याच्या खरखरीत बुडाने चरे पडतात. तवा उचलून ठेवावा, आणि बिडाचा असेल तर पूर्ण जोरावर रिकामा तापवू नये. मधोमध तापून कडा थंड राहिल्या, तर तो तडकतो. काचेला केसाएवढी भेग दिसली तरी शेगडी बंद करून प्लग काढावा. त्या भेगेतून झिरपलेलं आमटीचं पाणी थेट विजेच्या भागांवर जातं.

तेलाबाबत एकच सवय बदलायची: आधी तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता हाताशी आणि मगच शेगडी चालू. फोडणीला ६०० ते ८०० वॉट पुरतात. तळणाला पूर्ण जोर लावून तिथून हलू नये, कारण तापमान मोजणारा सेन्सर काचेखाली असतो आणि त्याला भांड्यातली खबर उशिरा कळते. तेलाने पेट घेतलाच, तर शेगडी बंद करून कढईवर घट्ट बसणारं झाकण सरकवायचं आणि कढई निवेपर्यंत ते उचलायचं नाही. पाणी तर अजिबात नाही. तेलाखाली गेलेल्या पाण्याची वाफ होताना त्याचं आकारमान १६०० पटींहून जास्त वाढतं आणि ती वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते.

अमेरिकेत किंवा कॅनडात मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांची गाठ वेगळ्याच यंत्राशी पडते. तिथे खाली ओव्हन, वर चार शेगड्या, असं एकसंध धूड असतं; त्याला रेंज म्हणतात. त्याला २४० व्होल्टची स्वतंत्र जाड वायर असते, म्हणून बोर्डाची चिंता सहसा नसते. घोळ होतो तो काचेमुळे. सपाट, काळी, चकचकीत काच ओट्यासारखीच दिसते. आजी त्यावर पिठाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवते आणि त्याचं बूड वितळून चिकटतं. काचेखालची तार लाल होते, विझते, पुन्हा लाल होते. बिघाड झाला असं वाटून बटण आणखी फिरवलं जातं, पण ती तार तशीच चालते. बंद केल्यावरही ती मिनिटभरात निवत नाही. दूध वर येताना बटण बंद करून भागत नाही, पातेलंच उचलावं लागतं. इंडक्शनवर मात्र बंद करताच दूध खाली बसतं. रेंजच्या काचेच्या कडेला एक छोटा लाल दिवा असतो. तो विझेपर्यंत त्या काचेला हात लावायचा नाही, हे नातवंडांनाही सांगून ठेवावं.

पुरणाचा किंवा लाडवांचा पाक त्या काचेवर सांडला, तर निवायची वाट पाहू नये. गार होताना साखर आकसते आणि काचेचे टवके काढते. शेगडी बंद करून, हातात जाड मोजा घालून, काच गरम असतानाच सपाट पात्याने पाक खरवडून घ्यावा. बाकी सगळं मात्र काच निवल्यावर, ओल्या मऊ फडक्याने पुसावं.

अनेक मराठी घरांत त्या ओव्हनचा वापर कढया, तवे, कुकर ठेवायला होतो. केक करायला म्हणून कुणी तो तापवतं आणि आतल्या प्लॅस्टिकच्या मुठी वितळतात. बटण दाबण्याआधी दार उघडून आत पाहायलाच हवं. त्याच दारावर मूल चढलं, तर सगळा रेंज पुढे कलंडू शकतो. म्हणून १९९१ पासून अमेरिकेत प्रत्येक रेंजबरोबर भिंतीला ठोकायची एक लोखंडी पट्टी देतात. भाड्याच्या घरात ती ठोकलेली आहे का, हे घरमालकाला विचारावं. आणि फोडणीच्या धुराने अलार्म केकाटतो म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवू नये. अमेरिकेतली राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्था सांगते की गॅसच्या घरांपेक्षा विजेच्या रेंजच्या घरांत स्वयंपाकातून लागणाऱ्या आगींचं प्रमाण जास्त असतं, आणि मुख्य कारण म्हणजे शेगडी चालू ठेवून उठून जाणं. अलार्म शेगडीपासून किमान तीन मीटर लांब हवा. मोहरी टाकण्याआधी चिमणीचा पंखा लावला, तर तो उगाच वाजणारही नाही.

घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर इंडक्शन घेण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावं. चालू शेगडीपासून पेसमेकर किमान ६० सेंटीमीटर दूर राहावा, असा सल्ला ब्रिटिश हार्ट फाउंडेशन देतं. म्हणजे ओट्याला टेकून, वाकून आमटी ढवळायची नाही.

राहिली देखभाल. शेगडीचा श्वास तिच्या पोटाखालून आणि मागून चालतो. खाली वर्तमानपत्र किंवा टेबलक्लॉथ अंथरला की पंख्याला हवा मिळत नाही आणि आतले भाग तापून बंद पडतात. भिंतीपासून चार बोटं तरी जागा सोडावी. आतली ऊब झुरळांना आवडते. ती जाळीतून आत शिरतात आणि सर्किटवर मरतात, मग शॉर्ट होऊन शेगडी दुरुस्तीला जाते. म्हणून रात्री ओटा कोरडा करताना आधी पंखा पूर्ण थांबू द्यावा, मग खटका बंद करून प्लग काढावा, शेगडी उचलून खालचे सांडलेले कण पुसावेत आणि आठवड्यातून एकदा रंगाच्या कोरड्या ब्रशने जाळी झाडावी. ब्रश खाली ठेवण्याआधी प्लगच्या पिनांवरही एकदा नजर टाकावी.