बिनमाथ्याची बेस गिटार



तंबोऱ्याच्या चार तारा आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. चारींची लांबी सारखीच; परंतु शेवटची खर्जाची तार जोडीच्या तारांहून एक सप्तक खालीं बोलते. असें कां व्हावें? जोडीच्या तारा बारीक पोलादी असतात आणि खर्जाची तार जाड पितळी असते, म्हणून. आजचा विषय घरीं केलेली एक चिमुकली बेस गिटार हा असला, तरी तिचें सारें रहस्य या एका तारेंत सांठविलेलें आहे.

बेस गिटार म्हणजे पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्ज सांभाळणारी, विजेच्या ध्वनिवर्धकावर वाजणारी चार तारांची गिटार. माझ्या दहा वर्षांच्या नातवाला ती आमच्या कोराडीच्या भजनी मंडळांत वाजवावयाची होती. पण नेहमीची गिटार सुमारें 115 सेंटिमीटर लांब. त्याचा हात दांडीच्या टोंकापर्यंत पोंचेना. ‘‘लहान करून देतों,’’ असें मी सहज बोलून गेलों, आणि मग शब्द पाळणें आलें.

लहान वाद्यांत खर्ज आणण्यास निसर्गाचा नियम आडवा येतो. मर्सेन नांवाच्या फ्रेंच धर्मगुरूनें 1636 सालीं तो मांडला. तार अर्धी केली, तर आंदोलनें दुप्पट होतात. ताण चौपट केला, तरीहि दुप्पट होतात. उलट, तेवढ्याच लांबीची तार वजनानें चौपट केली, तर तीं निम्मीं होतात. 1951 सालीं फेंडर यांनीं जी बेस गिटार बाजारांत आणली, तिच्या बोलत्या तारेची लांबी 34 इंच, म्हणजे सुमारें 86 सेंटिमीटर होती. तेंच माप आज रूढ आहे. तिची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें 41 आंदोलनें करते. आम्हांस लांबी हवी होती 52 सेंटिमीटर. तीच तार तेवढ्या लांबीवर त्याच स्वरांत लावावयाची, तर ताण मूळच्या सुमारें छत्तीस टक्केच ठेवावा लागतो. अशी ढिली तार दांडीवर आपटून नुसती फडफडते. बरें, पोलादी तार जाड करावी, तर ती सळईसारखी ताठर होते आणि तिचे उपस्वर बेसूर निघतात. यावरचा उपाय म्हणजे पॉलियुरेथेन या रबरासारख्या पदार्थाच्या तारा. त्या जाड असूनहि लवचीक असतात. त्या मात्र आम्हांस बाहेरून मागवाव्या लागल्या.

आतां माथ्याविषयीं. गिटारचा माथा खुंट्या धरण्यापुरताच असतो. स्वर उमटतो तो वरची पट्टी आणि खालची घोडी यांच्यामध्यें. तेव्हां माथा उडविला, तरी स्वर तोच राहतो. वाद्य आंखूड होतें आणि दांडी जमिनीकडे झुकत नाहीं. अमेरिकेंतील नेड स्टाइनबर्गर यांनीं 1980 च्या सुमारास अशी बिनमाथ्याची बेस गिटार पुढें आणली. तारा ताणण्याची सोय त्यांनीं घोडीच्या बाजूस केली. आपणांस यांत फारसें नवल वाटूं नये. ज्या मिरजेच्या तंबोऱ्यास 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याच्याहि घोडीखालीं मणी असतात, आणि सूक्ष्म स्वर आपण तेथेंच मिळवितों.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. पोलादी तार थोडी ताणली कीं स्वरांत येते. तिला लहानसा स्क्रू पुरतो. रबरी तार बरीच लांबते, म्हणून तिला गुंडाळून घेणाऱ्या खुंट्याच हव्यात. आम्हीं तारांना वरच्या टोंकाशीं गांठ मारून त्या भोंकांत अडकविल्या आणि साध्या खुंट्या धडाच्या तळाशीं मागें-पुढें बसविल्या, म्हणजे तारा एकमेकींस घासत नाहींत. दांडी व धड एकाच सागवानी फळीचें. एकूण लांबी 66 सेंटिमीटर. पडदे न बसवितां त्यांच्या जागीं रेघाच आंखल्या. उरलेल्या लांबीस दर वेळीं 17.8 नें भागीत गेलें कीं पुढची रेघ मिळते. पहिली 29 मिलिमीटरवर, पांचवी 130 वर आणि बारावी बरोबर मध्यावर, 260 वर येते.

गिटारच्या नेहमीच्या चुंबकास रबरी तार कळत नाहीं. म्हणून घोडीखालीं पिझो नांवाची, रुपयाएवढी पितळी चकती बसविली. ती कंपनापासून वीज निर्माण करते. तिची वायर मंडळाच्या ध्वनिवर्धकांत मायक्रोफोनच्या जागीं जोडली, आणि आवाज निघाला डांसाच्या गुणगुणण्यासारखा! नातवाचें तोंड उतरलें. मीं लांकडास दोष दिला आणि आठ दिवस फळी तासण्यांत घालविले. दोष लांकडाचा नव्हताच. ही चकती लहानशा कंडेन्सरसारखी वागते. पुढील यंत्राचा रोध कमी असला, तर खालचे स्वर आधीं नाहींसे होतात. वीस नॅनोफॅरडची चकती दहा हजार ओहमांवर जोडली, तर सुमारें 800 आंदोलनांखालचे सर्व स्वर क्षीण होतात. रोध दहा लाख ओहम केला, तर ती मर्यादा आठांवर उतरते. मध्यें एका लहानशा फेट ट्रान्झिस्टरचें मंडल घालतांच हरवलेला खर्ज परत आला.

त्याबरोबर एक घरघरहि आली. ती विजेच्या 50 आंदोलनांची. आमच्या गांवीं औष्णिक वीज केंद्र आहे. पण ही घरघर जेथें जेथें वीज आहे, तेथें तेथें भेटावयाचीच. गिटारच्या खालच्या तारेवरील तिसऱ्या रेघेचा स्वर 49 आंदोलनांचा. दोन्ही एकत्र वाजले म्हणजे सेकंदास एक असा हेलकावा स्पष्ट ऐकूं येतो. चकतीभोंवतीं तांब्याच्या पातळ पत्र्याचें अस्तर लावून तें वायरीच्या जाळीदार वेष्टनास जोडलें, तेव्हां ती घरघर शमली.

नवरात्राच्या पहिल्या माळेस नातवानें भजनाला साथ केली. त्यास तीनच स्वर येत होते. पण ते योग्य जागीं पडले, आणि मागच्या ओळींतील माणसें हा खर्ज कोठून येतो म्हणून माना उंच करून पाहूं लागलीं. वाद्य तर त्यांस दिसतहि नव्हतें.