बारा घाण्यांचा हिशेब

वाफवलेली काजूबी कापणाऱ्या बाईच्या हातांकडे पाहत राहावे. बोटांना तेल चोपडलेले असते, कारण टरफलातला चीक कातडी जाळतो. बी पात्यांमध्ये धरायची, पायाने कळ दाबायची, हाताने दांडा फिरवायचा. टरफल दुभंगते आणि तांबूस सालीतला गर अलगद सोडवून घ्यायचा. बी नीट वाफवलेली असली तर गर अख्खा सुटतो. वाफ कमी पडली तर तो टरफलाला धरून बसतो आणि सोडवताना मोडतो. वाफ जास्त झाली तर गराचा रंग बिघडतो, टरफलातले तेल आत झिरपायची भीती असते. संध्याकाळी काट्यावर तीन ढीग जातात: अख्खा, पाकळी, तुकडा. डब्ल्यू-३२० हा बाजारातला ओळखीचा नंबर म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. तोच गर दुभंगून पाकळी झाला की भाव उतरतो. चव तीच असते, तरीही.

डिचोली तालुक्यातल्या एका लहान काजू कारखान्यात प्रश्न होता तो या वाफेच्या मिनिटांचा. चालत आलेली वेळ २८ मिनिटांची. २४ पुरतील का, २० पुरतील का, असे मालकांच्या मनात होते. वेळ कमी झाली तर बॉयलरचे जळण वाचते, दिवसाला एखादा घाणा जास्त निघतो. मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून मला बोलावणे आले. तिथे पोचले तेव्हा योजना जवळजवळ ठरलेली होती: सोमवारी २० मिनिटे, मंगळवारी २४, बुधवारी २८, आणि तिन्ही दिवसांच्या अख्ख्या गराची टक्केवारी शेजारी शेजारी मांडायची.

अशा तीन सरासऱ्या मांडल्या की त्यांतली एक मोठी निघणारच. पण मोठी का निघाली, हे त्या मांडणीतून कधीच कळणार नाही. सोमवारी सगळ्यांत सराईत दोघी रजेवर असतील. मंगळवारच्या पोत्यात पेडण्याच्या उतारावरची ताजी गावठी बी असेल आणि बुधवारच्या पोत्यात आफ्रिकेतून आलेली, गोदामात मुरलेली. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या वेंगुर्ला-७ ची बी जवळपास १० ग्रॅम भरते. गावठी झाडाची पुष्कळदा तिच्या निम्मी. जाडी वेगळी, ओल वेगळी, म्हणून वाफ आत शिरण्याचा वेगही वेगळा. दिवस आणि मिनिटे एकमेकांत अशी गुंतली की मागाहून कितीही गणित केले तरी गाठ सुटत नाही. ती आधीच पडू द्यायची नसते. माझ्या मते या विद्येचा निम्म्याहून अधिक भाग घाणा चढवण्यापूर्वीच घडतो, आणि विद्यार्थ्यांना आपण शिकवतो तो बहुतेक उरलेला भाग.

म्हणून मांडणी बदलली. चार दिवस घ्यायचे आणि प्रत्येक दिवशी तिन्ही वेळांचा एकेक घाणा. कुठला आधी आणि कुठला नंतर, हे चिठ्ठी टाकून. पोती आधी एकत्र ओतून मिसळलेली आणि चाळणीने आकारवार केलेली. वाफवल्यावर बी रात्रभर पसरून थंड करायची, मग प्रत्येक घाण्यातला सारखा वाटा प्रत्येक बाईकडे द्यायचा. टोपल्यांवर मिनिटे लिहायची नाहीत, फक्त खुणेची अक्षरे. कुठली टोपली किती मिनिटांची, हे कापणारीला ठाऊक नसावे, वजन करणाऱ्यालाही नसावे.

हातांना मात्र अक्षरांची गरज पडली नाही. दुसरी टोपली पुढ्यात घेतल्यावर थोड्याच वेळात एक मावशी मान वर न करता म्हणाल्या, "ही कच्ची आसा, बाय." त्यांनी कापण्याचा वेग आपणहून कमी केला, दांडा जपून फिरवू लागल्या. गर वाचवण्याची त्यांची सवयच ती. त्यामुळे कमी वाफेच्या टोपलीत अख्ख्याचे प्रमाण टिकत होते, पण टोपली संपायला वेळ जास्त लागत होता. नुसते वजन लिहिले असते तर त्यांचे कसब वाफेच्या नावावर जमा झाले असते. तेव्हापासून वहीत वेळेचाही रकाना आला.

मोजायचे कुठे, यावरही बराच खल झाला. कापणीनंतर गर बोरमा ड्रायरमध्ये जातो. साधारण ७० अंश सेल्सिअसला सहा ते आठ तास. साल सुकून सुटी होते, मग सोलाई. कापताना अख्खा सुटलेला गर सोलताना फुटू शकतो, आणि गिऱ्हाइकाला विकायचा तो सोललेला. म्हणून मोजणी सोलाईनंतरच हवी, असे मी धरून बसले. त्याची किंमत अशी की घाण्याचा आकडा तिसऱ्या दिवशी हाती येतो आणि तोवर खुणेची चिठ्ठी ट्रेबरोबर फिरावी लागते. एक चिठ्ठी हरवली की एक घाणा वाया.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा तिथल्या गुणवत्ता पाहणाऱ्या गृहस्थांनी काढला. ते पूर्वी खाणीच्या प्रयोगशाळेत होते. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातले खाणकाम थांबले, पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांची नूतनीकरणे रद्द केली. त्या वर्षांत डिचोलीतल्या अनेक घरांनी धंदे बदलले; हेही त्यांतलेच. त्यांनी विचारले, दहा जणी कापतात, तीन वेळा आहेत, म्हणजे एका दिवसात तीस आकडे मिळाले. मग चार दिवस कशाला?

मी त्यांना त्यांच्याच जुन्या कामाकडे नेले. बार्जमधल्या लोहखनिजाची प्रत ठरवताना एकच फावडे उचलून, त्याची पूड करून, दहा वेळा लोहाचे प्रमाण काढले तर दहा आकडे जवळजवळ सारखे येतील. पण त्यातून त्या फावड्याची प्रत कळेल, बार्जची नाही. बार्जसाठी ठिकठिकाणाहून नमुने घ्यावे लागतात. इथे फावड्याच्या जागी घाणा आहे. वाफेची वेळ बाईला दिलेली नाही, घाण्याला दिलेली आहे. त्या घाण्याच्या वेळी बॉयलरचा दाब थोडा उतरला असेल, तर त्याची झळ दहाही जणींच्या टोपल्यांना एकदमच लागते. तीस आकडे असले तरी वाफेबद्दलची साक्ष तिघांचीच. ते लगेच म्हणाले, "म्हणजे घाणे वाढवायला पाहिजेत, बायका नव्हे." याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

कारखान्याच्या वहीतले आकडे कारखान्याचे. ते इथे देत नाही. रीत दिसावी म्हणून मी सोपे, पूर्णांकी आकडे घेते. समजा, चार दिवस, रोज तीन घाणे, आणि अख्ख्या गराची टक्केवारी अशी: २० मिनिटांना ७८, ८०, ८२, ८४, २४ मिनिटांना ८१, ८३, ८७, ८५, २८ मिनिटांना ७७, ८१, ७९, ८३. सरासऱ्या येतात ८१, ८४ आणि ८०. २४ मिनिटे पुढे आहेत हे कुणालाही दिसेल. पण एकाच वेळेचे चार घाणे आपसांत सहा टक्क्यांपर्यंत हलतात. मग तीन-चार टक्क्यांच्या अंतरावर विश्वास ठेवायचा का?

एकूण फरकाची फोड करून हे तोलायचे असते; कारखान्यांत तिला सरळ ॲनोव्हा म्हणतात. दोन मापे काढायची: सरासऱ्या एकमेकींपासून किती दूर आहेत त्याचे एक, आणि एकाच वेळेचे घाणे आपसांत किती विखुरले आहेत त्याचे दुसरे. वरच्या आकड्यांत पहिले १७.३ येते, दुसरे ६.७. भागाकार २.६. वाफेचा काहीच परिणाम नसतानाही हा भागाकार केवळ योगायोगाने ४.२६ च्या पुढे जाण्याची शक्यता शंभरात पाच. आपला तिथवरही पोचला नाही. इथे थांबलो तर उत्तर असे, की फरक दिसतो पण मानता येत नाही.

आता दिवसांकडे पाहा. पहिल्या दिवशी तिन्ही घाण्यांची सरासरी ७८.७, चौथ्या दिवशी ८४. हात बसत गेला असेल, बी अधिक सुकली असेल. कारण काहीही असो, दिवसागणिक तिन्ही वेळा मिळून वर सरकल्या. तो सरकण्याचा भाग विखुरण्यातून वेगळा काढला तर उरलेले माप ६.७ वरून २.२ वर येते. भागाकार होतो ७.८, आणि आता ओलांडायची रेघ ५.१४ ची. बारा आकडे तेच, सरासऱ्या त्याच, तरी निकाल बदलला. तो बदलू शकला, कारण रोज तिन्ही वेळा चढवल्या होत्या. सोमवार-मंगळवार-बुधवारच्या योजनेत दिवस असा वेगळा काढताच आला नसता.

हे गणित जन्मले तेही असल्याच कामात. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना मोजक्या नमुन्यांवरून सरासरीची खात्री किती धरावी, हा रोजचा प्रश्न होता. १९०८ साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचे उत्तर छापले. रोनाल्ड फिशर यांनी रॉथॅमस्टेडच्या शेतांवर वाफे, खते आणि चिठ्ठ्या यांची शिस्त बसवली आणि १९२५ च्या पुस्तकातून ती जगभर गेली. आपल्याकडे ती रुजवली त्यांत वि. गो. पानसे आणि साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांचे काम फार मोठे. त्यांचे ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ १९५४ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले. काजूच्या जातींची तुलना आजही याच वाटेने होते.

गोव्यात या विषयावर बोलताना दामोदर कोसंबींना वगळून पुढे जाववत नाही. १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या या गणितज्ञाने, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना, १९४० च्या सुमारास तक्षशिलेच्या आहत नाण्यांची वजने हाताशी घेतली. चलनात फिरताना नाणे झिजते, म्हणून गटाची सरासरी उतरते. आणि प्रत्येक नाणे सारखे फिरत नाही, म्हणून गटातला विखुरही वाढतो. ही कल्पना पारखायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली. सरासरीइतकेच लक्ष त्यांनी विखुरण्याकडे दिले, आणि नाण्यांचा काळक्रम लावायला ते उपयोगी पडले. पुढच्या पिढ्यांना इतिहासकार कोसंबी ठाऊक आहेत. तराजू घेऊन बसलेले कोसंबी मला तेवढेच मोठे वाटतात.

भागाकाराने रेघ ओलांडली म्हणजे एवढेच कळते, की तिन्ही वेळा सारख्या नाहीत. कुठली कुठल्याहून वेगळी, हे अजून ठरायचे असते, आणि घाई होते ती इथेच. तीन वेळांच्या जोड्या तीन. प्रत्येक जोडी सुटी तपासली आणि प्रत्येकीत शंभरात पाच चुकीची मुभा ठेवली, तर कुठेतरी खोटा फरक दिसण्याची शक्यता चौदा टक्क्यांच्या आसपास जाते. चार वेळा असत्या तर जोड्या सहा आणि शक्यता सव्वीसच्या घरात. तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाच पुरवठादारांचा माल कुणी असा जोडीजोडीने ताडून पाहील, तर दहा जोड्यांत एखादा निर्दोष पुरवठादार फुकट बदनाम होऊ शकतो. जॉन टुकी यांची रीत सगळ्या जोड्यांना मिळून एकच, अधिक कडक अंतर लावते. आपल्या आकड्यांत ते ३.२ टक्के येते. २४ आणि २८ मधले अंतर ४, ते टिकते. २० आणि २४ मधले ३. ते टिकत नाही. सुट्या जोडीच्या कसोटीने २.६ च्या पुढचे काहीही मान्य झाले असते, म्हणजे तेही खरे ठरले असते. आणि २० व २८ मधल्या एका टक्क्याबद्दल बोलण्यासारखे काही नाही.

मालकांच्या प्रश्नाला अशा आकड्यांवर उत्तर द्यायचे तर २८ वरून २४ वर यायला हरकत नाही: जळण वाचेल आणि अख्खा गरही वाढेल. २० चे मात्र अजून ठरलेले नाही. फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ दोन्ही वेळा सारख्या आहेत असा होत नाही. चार दिवसांच्या घाण्यांना तीन टक्क्यांचे अंतर ओळखण्याइतकी नजर नव्हती, एवढाच होतो. शिवाय २० च्या टोपल्यांना लागणारा जास्तीचा वेळ वजनाच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. कापणीची मजुरी किलोवर असेल, तर वाचलेल्या जळणाची किंमत त्या मावशींच्या दिवसातून वसूल होईल. मालकांपुढे मी वजनाच्या तक्त्याशेजारी वेळेचा तक्ता ठेवला तो यासाठीच, आणि कुठल्याही कारखान्यात ठेवीन.

विखुर एवढाच राहिला तर चारांऐवजी आठ दिवसांत टुकींचे अंतर दोन टक्क्यांच्या आत येते. तेव्हा तीन टक्क्यांचा फरक खरा असला तर लपून राहण्याची शक्यता बरीच कमी होईल. पण आठही दिवस बी एकाच खरेदीची, एकाच गोदामातली पुरली पाहिजे. गोव्यात काजूचा हंगाम मार्च ते मे. जूनमध्ये पाऊस लागला की उघड्या पोत्यांतली ओल बदलू लागते. म्हणून ठरले ते असे, की आधी लागतील तेवढी पोती मोजून, मिसळून, तोंडे शिवून बाजूला काढायची, त्यांवर रंगाची खूण करायची, आणि मोठी ऑर्डर आली तरी त्यांना हात लावायचा नाही.