सबसिडी हवी की ऑर्डर? बोईंग आणि एअरबसचा हिशोब

धंदा सुरू करायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सबसिडी किती मिळेल?" आज जगातल्या दोन सगळ्यात मोठ्या विमान कंपन्यांना सरकारने कशी मदत केली ते बघू.

आधी अमेरिकेची बोईंग. 1952 मध्ये कंपनीने स्वतःचे सुमारे 1.6 कोटी डॉलर घालून जेट विमानाचा नमुना बनवायला घेतला. 1954 मध्ये तो उडाला आणि हवाई दलाने त्यावरून हवेत इंधन भरणाऱ्या टँकर विमानांची ऑर्डर दिली. पुढे असे 732 टँकर बनले. त्याच नमुन्यावरून आलेलं 707 हे प्रवासी विमान 1958 मध्ये सेवेत आलं. म्हणजे आधी खिशातले पैसे, मग सरकारी गिऱ्हाईक.

युरोपची एअरबस 1970 ची. तिथल्या सरकारांनी नवीन मॉडेल बनवायला कर्ज दिलं. विमानं विकली जातील तशी परतफेड. विक्री कमी झाली तर फटका सरकारलाही. 1992 च्या करारात अशा मदतीला विकासखर्चाच्या 33 टक्क्यांची मर्यादा घातली गेली.

2004 मध्ये अमेरिका या करारातून बाहेर पडली आणि दोन्ही बाजू जागतिक व्यापार संघटनेत गेल्या. युरोपचं म्हणणं होतं, नासा आणि संरक्षण खात्याचा संशोधन निधी, वॉशिंग्टन राज्याची करसवलत, हीसुद्धा सबसिडीच! शेवटी दोघंही दोषी ठरले. 2019 मध्ये अमेरिकेला वर्षाला 750 कोटी डॉलरच्या मालावर जादा कर लावायची परवानगी मिळाली, 2020 मध्ये युरोपला सुमारे 400 कोटींच्या.

आणि कर फक्त विमानांवर नाही लागला. स्पेनचे ऑलिव्ह, इटलीचं चीज, स्कॉच व्हिस्की यांच्यावर 25 टक्के! उलट बाजूने अमेरिकेच्या रताळ्यांवरही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसऱ्याचा तोटा झाला. 2021 मध्ये पाच वर्षांसाठी हे कर थांबवले.

आता आपल्या कामाचं. पीएमईजीपी योजनेतही 5 ते 10 टक्के रक्कम स्वतःची लागते आणि अनुदान तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेलं असतं. ते पहिल्या दिवशी गल्ल्यात येत नाही. म्हणून हप्त्याचा हिशोब अनुदान सोडून करा. तरीही धंदा तगत असेल तरच अर्ज भरा.

दुसरं, ऑर्डरकडे बघा. केंद्र सरकारची खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान 25 टक्के माल-सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायची, असं धोरण आहे. उद्यम नोंदणी करा, जेम पोर्टलवर जा, तुमच्या मालाला कोणती खाती गिऱ्हाईक आहेत ते शोधा. अनुदान वारंवार मिळत नाही, पण माल चांगला असेल तर तेच खातं पुन्हा ऑर्डर देऊ शकतं.