हललेला, चुकलेला, पाण्यातला

पहाटे ४.४५

गाडीत चहाचा थर्मास, एक सतरंजी आणि दोन किलो मालदांडी ज्वारी. ज्वारी खायला नाही. जुन्या जीन्सचा एक पाय कापून, दोन्ही तोंडं शिवून मी तिची पिशवी केलीय. गाडीच्या खिडकीवर ती टाकून लेन्स तिच्यात रुतवली की ट्रायपॉड लागत नाही. चांगली ज्वारी पँटीत कोण भरतं, असं बहीण अजून विचारते.

तिचाच मुलगा आज सोबत आहे. वर्षभर माझ्या स्टुडिओत लग्नं शिकला, आता त्याला जनावरं आणि पक्षी टिपायचेत. १५० ते ६०० एमएमची जुनी झूम लेन्स घेतली आणि महिन्याभरात तक्रार सुरू : "मामा, लेन्सच बाद आहे. सगळे फोटो सॉफ्ट येतात." हप्त्यांवर नवी घ्यायचं त्याच्या डोक्यात आहे. मी म्हटलं, एक रविवार दे. संक्रांत होऊन गेलीय, सोलापुरात होम मैदानावर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा अजून भरलेली आहे, दुकानात फारसं काम नाही. अट एकच : आज कॅमेऱ्यातून एकही फोटो उडवायचा नाही. वाईटातला वाईटसुद्धा.

५.४५

बार्शी रोड. शहरापासून विसेक किलोमीटरवर नान्नज. १९७९ साली इथला गवताळ माळ माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाला. पाट्यांवर अजून माळढोकच आहे, पण तो आता दिसला तर बातमी होते. भारतभरात मिळून जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत असं धरतात. माळावर आहेत ती काळविटं, हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले भोवत्या (हॅरियर), चंडोल, धाविक, आणि नशिबात असेल तर लांडगा. आम्ही आत घुसत नाही. शेताकडेच्या वाटेवर गाडी लावतो आणि इंजिन बंद करतो. इंजिन चालू ठेवून खिडकीवर लेन्स टेकवली की त्याची थरथर थेट फोटोत उतरते.

खिडक्या मी वाटेतच उघडल्या होत्या. पोरगा कुडकुडला. गाडीतली हवा उबदार आणि बाहेरची गार असेल, तर खिडकीच्या तोंडाशीच ती ढवळते आणि फोटो बिघडतो. यावर त्याचा विश्वास बसला नाही. दहा वाजेपर्यंत थांब म्हटलं.

७.०५

सूर्य नुकताच वर आलाय. कळप दीडशे मीटरवर चरतोय : तांबूस माद्या, आणि कडेला मान ताठ केलेला एक काळाभोर नर. दोन तरणे नर एकमेकांमागे धावत सुटले आणि पोराने धडाधड फोटो काढले. पडद्यावर मोठे करून पाहिले तर पाय नाहीतच, नुसता तपकिरी ओरखडा.

स्टुडिओच्या भाषेत हा फोटो "हललेला". पण हललं कोण, ते पाहायचं. गवत स्वच्छ आहे आणि काळवीट पुसलंय, म्हणजे हात स्थिर होता आणि शटर संथ होतं. गवत आणि काळवीट दोन्ही एकाच दिशेला ओढल्यासारखी असती, तर दोष हाताचा. लेन्सवरचं स्टॅबिलायझरचं बटण फक्त आपला हात सावरतं, काळविटाला थांबवत नाही. याचं शटर होतं १/२५०. अंधुक उजेडात कॅमेऱ्याने स्वतःच ठरवलेलं.

तिथेच त्याला हिशेब घातला. काळवीट तासाला साठ किलोमीटरने पळालं, तर सेकंदाला साधारण सतरा मीटर. १/२५० सेकंदात ते सात सेंटिमीटर पुढे जातं, १/२००० मध्ये एक सेंटिमीटरसुद्धा नाही. सात सेंटिमीटरमध्ये डोळा, भुवई आणि अर्धा कान मावतो. पोराला आयएसओ वाढवायची भीती, फोटोत दाणे येतात म्हणून. लग्नवाल्यांची ही जुनी सवय. नवरीच्या गालावर दाणे चालत नाहीत. दाणे नंतर कमी करता येतात रे, पुसलेला डोळा परत आणता येत नाही. आयएसओ १६००, शटर १/१६००. उजेड चढेल तसा आयएसओ खाली आणायचा, शटर याहून संथ करायचं नाही.

एक मात्र सांगितलं. गेल्या आठवड्यात सिद्धेश्वराच्या यात्रेत मी मुद्दाम १/३० वर फोटो काढले. उंच नंदीध्वज पेलत चालणारा बाराबंदीतला माणूस जागच्या जागी, आणि भोवतीची गर्दी वाहत गेलेली. तो फोटो हललाय असं कुणी म्हणालं नाही.

७.५०

शटर जमलं, फोटो अजून सॉफ्ट. पण या वेळी ओरखडा नाही. काळविटापुढची कुसळं एकेक मोजता येतील इतकी लख्ख, आणि काळवीट मागे पिठूळ. हा "चुकलेला", आमच्याकडे "आउट" म्हणतात तो.

माझ्या मते निम्मे तरी सॉफ्ट फोटो इथेच होतात. त्याचा फोकस सिंगलवर होता. बोहल्यावर हार घालताना थांबलेल्या नवरानवरीला तो पुरतो : बटण अर्धं दाबलं, फोकस बसला, तिथेच राहिला. काळवीट मात्र तुमच्याकडे सेकंदाला दहा मीटरने येत असेल, तर फोकस बसून फोटो निघेपर्यंतच्या दशांश सेकंदात ते मीटरभर पुढे आलेलं असतं. विसेक मीटरवर एवढ्या मोठ्या लेन्सचा शार्प पट्टा अर्ध्या मीटरचाही नसतो. म्हणून फोकस सतत ठेवायचा. निकॉन, सोनीत त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये सर्वो. फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणाला दिलं की अंगठा पाठलाग करत राहतो आणि बोट फक्त क्षण पकडतं. पहिले दोन दिवस अंगठा दुखतो. नंतर लग्नातही सुटत नाही.

दुसरं, फोकसचे सगळे चौकोन उघडे होते. कॅमेऱ्याला काळवीट ठाऊक नसतं. सगळ्यात जवळचं ठळक काही दिसलं की तो तिकडे धावतो, आणि माळावर जवळ असतं ते गवत. मधल्या मोजक्या चौकोनांवर ये आणि ते मानेवर ठेव, म्हटलं. नव्या कॅमेऱ्यांना जनावराचा डोळा शोधता येतो, पण उंच गवतात तेही फसतात.

मग आमच्या नशिबाने कळप वाट ओलांडू लागला. पहिल्या मादीने उडी मारली आणि बाकीच्या जवळपास तिथूनच, एकेक. पहिली सोडून द्यायची, तिची जागा लक्षात ठेवायची, तिथल्या दगडावर आधीच फोकस आणून ठेवायचा. पोराने चौथी आणि सहावी पकडली. गाडीने पाठलाग करून कळप पळवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या फोटोत मला तर जनावराची नुसती पाठच दिसते.

९.४०

आता शटर १/२५००, फोकस सतत, पिशवीवर लेन्स रुतलेली. सगळं बरोबर. आणि फोटो पुन्हा सॉफ्ट. दोनशे मीटरवर नर निवांत उभा आहे, हलतही नाही, तरी त्याची शिंगं वितळल्यासारखी. पोराने विजयी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "बघा! लेन्स."

मी त्याला मागच्या पडद्यावर थेट दृश्य लावायला आणि ते दहा पट मोठं करायला सांगितलं. काळविटाची कड नदीतल्या सावलीसारखी हलत होती. पाय तर गुडघ्यापासून पाण्यात.

ऊन चढलं की काळी जमीन आधी तापते, वरची हवा अजून गार असते. तापलेली हवा वर येते, गार खाली जाते, आणि त्या उलथापालथीतून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला वाकतो. हिवाळ्यात हे होत नाही असं समजू नये. जमीन आणि हवेतला फरक मोठा असला की पुरे. शटर १/८००० केलं तरी वाकलेलाच प्रकाश गोठतो. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी मधली हवा जास्त, आणि तीही मोठी होऊन दिसते. जमिनीलगत हे सर्वांत वाईट, म्हणून पहाटे पोटावर पडून फोटो घ्यावेत आणि आता उठून उभं राहावं. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून तर काढूच नयेत.

आपल्या भाषेत याला मृगजळ म्हणतात, आणि त्यातला मृग समोर उभा होता. पोरगा पहिल्यांदा काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "मग आता काय करायचं?"

"गप हुरडा खायचा."

दुपारी १

घरी. लेन्सची शंका उरायला नको म्हणून गच्चीवर परीक्षा. कपाटातून सोलापुरी चादर काढली. तिच्यासारखा तक्ता विकत मिळत नाही : सरळ रेघा, काटकोनी नक्षी आणि सुताची वीण, सगळं एका कापडावर. सावलीतल्या भिंतीला ताणून लावली, बारा मीटरवर ट्रायपॉड ठेवला, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. मधोमध वीण स्पष्ट. मग पुढचा स्वस्त यूव्ही फिल्टर काढून पुन्हा घेतला, तर आणखी स्पष्ट. तो काचेचा तुकडा लेन्स विकणाऱ्याने फुकट दिला होता. लेन्स ठीक आहे. ६०० वर थोडी मऊ पडते, ५०० वर आवळली की बरी. अशा लेन्सना तेवढी सवलत द्यावी लागते.

४.३०

परत माळावर. एक कापशी घार हवेत एकाच जागी पंख मारत थांबली आणि पोराने साठ फोटो घेतले. उन्हं कलली तसे भोवत्या गवतालगत तरंगत येऊ लागले, रात्रीच्या मुक्कामाला. त्यांच्याबरोबर लेन्स फिरवताना पाय रोवून कमरेतून वळायचं, हातातून नाही. त्याला तीनदा सांगावं लागलं. सहाच्या सुमारास उजेड संपला. शटर घसरलं, आणि सकाळचे सातचे ओरखडे पुन्हा दिसू लागले. या वेळी न सांगता त्याने आयएसओ वाढवला.

रात्री ९

दुकानात कॉम्प्युटरवर सगळे फोटो वेळेप्रमाणे लावले. साडेनऊ ते साडेदहाच्या मधले जवळपास सगळे एकसारखे वितळलेले. सातचे हललेले, पावणेआठचे आउट. आठ वाजताची सहावी मादी : चारही पाय हवेत, डोळ्यात सूर्याचा ठिपका, पोटाखाली उडालेली कुसळं. पोराने ती तीन वेळा मोठी करून पाहिली. हप्त्यांचा विषय काढला नाही.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "अरे, पाहुणे आलेत आणि माझी चादर कुठाय?" आम्ही दोघं एकमेकांकडे पाहिलं. चादर गच्चीवर, भिंतीला चिकटपट्टीने लावलेलीच होती.