मोटारीचा इंधनपंप : दोष कोणाचा?

महर्षि कर्वे यांनीं 1900 सालीं अनाथ बालिकाश्रमासाठीं हिंगणें येथें झोपडी उभारली. तोच भाग आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. त्यांच्या संस्थेनें 1991 सालीं येथें मुलींसाठीं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढिलें. तेथें शिकणाऱ्या आमच्या शेजारच्या ताईंनीं मला जो धडा दिला, तो वाचकांपुढें ठेवितों.

वार्षिक परीक्षेच्या दिवशीं सकाळीं वडिलांची मोटार सुरू होईना. स्टार्टर फिरे, पण इंजिन पेट घेईना. फोनवरून विचारतां एका कारागिरानें, "पंप गेला, नवा बसवा," असें सांगून टाकिलें. ताई म्हणाल्या, "काका, खर्च करण्यापूर्वीं पाहूं तरी!"

येथें पंप म्हणजे रस्त्यावरील पेट्रोलपंप नव्हे. हल्लींच्या पेट्रोल-मोटारींत टाकीच्या आंत विजेवर चालणारा एक लहान पंप असतो. तो इंजिनाकडे पेट्रोल जोरानें ढकलितो. बहुतेक गाड्यांत हा दाब 3 ते 4 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या तिप्पट-चौपट असतो. किल्ली फिरवितांच मागील आसनाखालून सुमारें दोन सेकंद गुणगुण ऐकूं येते. आमच्या गाडींत ती आली नाहीं.

पण मुका पंप म्हणजे मेलेला पंप नव्हे. कंदील विझला तर वातीस दोष देण्यापूर्वीं तेल पाहावें. ताईंनीं आधीं पंपाचा फ्यूज काढून पाहिला. त्यांतील तार जळालेली होती. तितक्याच ॲम्पियरचा दुसरा फ्यूज घालतांच गुणगुण आली व इंजिन सुरू झालें! मात्र त्यांनीं बजाविलें, "फ्यूज उगाच जळत नाहीं. पुन्हां जळाला तर तारांत किंवा पंपांतच दोष आहे असें समजून गाडी तपासून घ्या."

फ्यूज चांगला असल्यास पुढें रिले पाहावा. मग पंपाच्या जोडणीशीं वीज मोजावी. तेथें सुमारें 12 व्होल्ट येत असून अर्थिंगही नीट असेल आणि तरीही पंप स्तब्ध राहिला, तरच तो निकामी ठरतो. पंप वाजतो, पण चढावर गाडी दम सोडते, अशा वेळीं दाबमापक लावावा. दाब कमी भरल्यास गाळणी तुंबली आहे किंवा पंप झिजला आहे असा संशय घ्यावा. दाब योग्य असल्यास ठिणगीकडे वळावें.

दाब मोजण्याचें काम मात्र जाणत्या माणसानेंच करावें. इंजिन थांबलें तरी नळींत दाब उरतो. उडालेलें पेट्रोल एका ठिणगीनें भडकतें. दुसरें असें कीं, पंपास थंडावा पेट्रोलच देतें. म्हणून टाकी नेहमीं तळाशीं आणूं नये.

परीक्षेस मी वेळेवर पोहोंचलों. लक्षण दिसलें म्हणजे कारण कळलें असें नव्हे, हें मात्र मी शाळेंत पोहोंचण्यापूर्वींच शिकलों होतों. यंत्रास असो वा माणसास, पुराव्यावांचून दोष देऊं नये.