गुंडाची आई

गुंडांच्या पूर्वकथेची एक जन्मजात अडचण असते. नायक इतक्यात मरत नाही, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. उरतो तो एकच प्रश्न, हा असा का झाला? त्याचं सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे अन्याय. आपल्याकडचा 'शूटआउट अ‍ॅट वडाळा' (२०१३) त्याच वाटेने गेला. कीर्ती कॉलेजात शिकलेला मन्या सुर्वे नाहक तुरुंगात जातो, तिथे गुंड होतो, की झालं. पुढे सिनेमा तो मारला गेला त्या ११ जानेवारी १९८२च्या पोलीस चकमकीकडे धावत सुटतो. त्यानंतर सातच दिवसांनी गिरणी संप सुरू झाला. त्या मुंबईला मात्र पडद्यावर फारसा वाव नाही.

दिग्दर्शक कोपोलाच्या 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागातही (१९७४) अन्यायाची कथा होतीच. पुढे डॉन होणाऱ्या विटोचे आईबाप, भाऊ सगळे सिसिलीत मारले गेलेले. तरी लक्षात राहतं ते न्यूयॉर्क. खाली उत्सवाची मिरवणूक, वर जिन्यात वस्तीतल्या खंडणीखोर फानुचीची वाट पाहत उभा असलेला विटो. पिस्तुलाला गुंडाळलेला टॉवेल गोळी सुटताच पेट घेतो, आणि तो घाईघाईने झटकतो. धंद्यात नवखा आहे, हे एकाही शब्दाशिवाय कळतं. 'द मेनी सेंट्स ऑफ न्यूअर्क'मध्ये (२०२१) मालिकेत टोनी सोप्रानो हा गुंड साकारणाऱ्या जेम्स गँडोल्फिनीच्या मुलानेच तरुण टोनी साकारला. चेहरामोहरा जुळला, पण कथा बहुतेक दुसऱ्याचीच निघाली.

खरी मजल मारली ती त्याच वर्षी आलेल्या 'रेझिंग केनन' या मालिकेने. हिला 'पॉवर' या मालिकेची पूर्वकथा म्हणतात. काळ १९९१, जागा न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं साउथ जमैका. क्रॅक कोकेनने पोखरलेली वस्ती. १९८८ साली इथेच एका साक्षीदाराच्या घरावर पहारा देणाऱ्या एडवर्ड बर्न या तरुण पोलिसाला गाडीत बसल्याजागी गोळ्या घातल्या होत्या. मालिकेचा निर्माता आणि निवेदक, रॅपर फिफ्टी सेंट, याच वस्तीतला. त्याची आई ड्रग्ज विकायची. तो आठ वर्षांचा असताना ती गेली. मालिकेतली आई, रकेल, मात्र जिवंत आहे आणि अख्खा धंदा तिच्या मुठीत आहे. भाऊ तिच्या हाताखाली. मार खाऊन घरी आलेल्या पोराला, केननला, कुरवाळण्याऐवजी ती उलट मारायला परत पाठवते. पटिना मिलरने ही बाई अशी उभी केलीय की तिची भीती वाटते आणि तिचं पटतही राहतं. 'मी हे सगळं तुझ्यासाठीच करते' हे पालुपद आपल्या घरांतही काही कमी ऐकू येत नाही! पोराला धंद्यापासून लांब ठेवायचं तिच्या मनात असतं. पण पहिल्या पर्वाच्या शेवटी तीच त्याला हॉवर्ड नावाच्या डिटेक्टिव्हवर गोळी झाडायला लावते, आणि हॉवर्ड हा त्याचा जन्मदाता बाप असतो.

पुढच्या पर्वांत कट-प्रतिकटांची गर्दी होते, मामांची उपकथानकं रेंगाळतात. पण 'पॉवर'मध्ये हाच केनन स्वतःच्या मुलाचा, शॉनचा, जीव घेतो. तेव्हा तो प्रसंग निव्वळ धक्क्यासाठी घातलाय असं वाटलं होतं. रकेल पाहिल्यावर त्याला वंशावळ मिळते.