पोटाच्या तक्रारी आणि त्यांचे खरे ठिकाण

पायात काटा मोडला तर तो नेमका कोठे मोडला हे लहान मूलही बोट ठेवून दाखवते. परंतु पोटात दुखू लागले म्हणजे चांगली जाणती माणसेही बेंबीभोवती तळहात फिरवून 'इथेच कुठेतरी' एवढेच सांगू शकतात, आणि यात त्यांच्या समजेचा दोष नसून शरीराची रचनाच तशी आहे. त्वचेतील वेदनावाहक तंतू दाट असतात. उदरातील इंद्रियांचे तंतू मात्र विरळ असून ते पृष्ठरज्जूला एकाच वेळी अनेक पातळ्यांवर जाऊन मिळतात, आणि त्याच पातळ्यांवर त्वचेचेही तंतू येऊन पोहोचत असल्यामुळे मेंदूकडे फिर्याद दाखल होते खरी, पण फिर्यादीत लिहिलेला पत्ता बहुधा चुकीचा असतो. आतडे कापले किंवा डागले तरी त्याला वेदना म्हणून होत नाही. तेच आतडे वायूने ताणले गेले की माणूस गडबडा लोळू लागतो. अशा या भोंगळ फिर्यादीवर विसंबून पचनासंबंधी अनेक समजुती आपल्याकडे रूढ झाल्या आहेत. त्यांतल्या काही निरुपद्रवी आहेत, काही नुसत्याच खर्चाच्या आहेत, आणि दोन-तीन मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत.

प्रथम जठराचे पाहू. अन्न जठरात पडते, तेथेच शिजते आणि तेथूनच त्याचे रक्त होते, ही कल्पना फार जुनी आणि सार्वत्रिक आहे. वस्तुतः जठर बेंबीपाशी नसून डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांच्या आड असते, आणि त्याचे मुख्य काम अन्न काही तास ठेवून घेणे, ते घुसळून पातळ करणे, आम्लाने त्यातील बहुतेक जंतू मारणे आणि थोडे थोडे करून पुढे ग्रहणीत सोडणे हे होय. प्रथिनांच्या पचनास तेथे प्रारंभ होतो एवढेच. पचनाचा आणि शोषणाचा खरा कारभार लहान आतड्यात चालतो, जेथे स्वादुपिंडाचा रस आणि यकृताचे पित्त येऊन मिळते. कर्करोगामुळे ज्यांचे संपूर्ण जठर काढून टाकावे लागले आहे अशी माणसे थोडे थोडे खाऊन आणि ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने घेऊन वर्षानुवर्षे जगतात. सबंध लहान आतडे गेले तर मात्र केवळ तोंडाने खाऊन कोणीही जगू शकत नाही.

जठरात प्रत्यक्ष काय घडते हे डोळ्यांनी पाहण्याची संधी वैद्यकाला एका अपघाताने मिळाली. 1822 साली अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या कॅनेडियन तरुणास अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, परंतु जखम भरताना पोटाच्या भिंतीतून थेट जठरात उघडणारे एक भोक कायमचे राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे, भाकरीचे, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने ओढून पाहिले, आणि जठररस बाहेर काढून कुपीत ठेवला तरीही तो मांस विरघळवतो हे दाखवून दिले. 1833 साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि पचन ही मुख्यत्वे रासायनिक क्रिया आहे हे निःसंशय ठरले. सेंट मार्टिनला या प्रयोगांचा मनस्वी कंटाळा येई, आणि तो अधूनमधून पळून जाई. त्याची बाजू विज्ञानाच्या इतिहासात फारशी कोणी मांडलेली नाही, म्हणून येथे नमूद करतो.

जठरातील ही क्रिया अग्नीची नसून रसांची आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे जेवताना पाणी प्याल्याने जठराग्नी विझतो किंवा पाचक रस पातळ होऊन अन्न पचत नाही या भीतीचे मूळच उरत नाही. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्यांचे स्राव मिळून दिवसाकाठी सुमारे 7 लिटर द्रव शरीर स्वतःच अन्नमार्गात ओतत असते. त्यात जेवताना घेतलेल्या पेलाभर पाण्याची मातब्बरी ती काय! शिवाय आम्ल कमी पडले तर जठर ते अधिक स्रवते. जे लोक या निषेधाला आयुर्वेदाचा आधार देतात त्यांनी वाग्भट उघडून पाहावा. भोजनाच्या मध्ये घेतलेले पाणी त्याने प्रशस्तच मानले आहे.

आता पित्ताकडे वळू, कारण महाराष्ट्रात ज्याला 'पित्ताचा त्रास' नाही असा गृहस्थ मिळणे कठीण. छातीत जळजळले, आंबट पाणी तोंडाशी आले, डोके उठले, अंगावर गांधी उठल्या, की हे सारे पित्ताच्या खाती जमा होते. आयुर्वेदातील पित्त ही एक व्यापक शास्त्रीय संकल्पना आहे, तिच्याशी येथे वाद नाही. परंतु यकृतात तयार होणारा जो हिरवट-पिवळा, कडू पदार्थ, त्याच्याशी या बहुतेक तक्रारींचा संबंध पोहोचत नाही. तो पदार्थ आम्ल नाही. स्निग्ध पदार्थांचे बारीक कण करून त्यांचे पचन सुकर करणे हे त्याचे काम. छातीत जळजळ होते ती जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटे आल्यामुळे, आणि अंगावर गांधी उठतात त्या त्वचेतील पेशींतून हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटल्यामुळे. या घोटाळ्याचा व्यवहारात परिणाम असा होतो की, पित्ताशयात खडे झालेला रोगी शस्त्रक्रिया करून घेतो आणि आता आपली जळजळ कायमची गेली असे समजतो. ती पुढेही चालू राहिली की शल्यवैद्यास बोल लावतो. पित्ताशय ही केवळ साठवणीची पिशवी आहे. ती काढल्यावर यकृतातले पित्त थेट आतड्यात उतरत राहते, आणि आम्लाचे प्रकरण होते तेथेच राहते. खड्यांची वेदनासुद्धा पत्ता चुकवते: ती उजव्या बरगड्यांखाली उठते आणि पुष्कळदा उजव्या खांद्याच्या फऱ्यात जाणवते, म्हणून काही रोगी आधी खांदाच शेकत बसतात.

मिरचीवरील आरोपही याच मासल्याचा आहे. तिखट खाल्ल्याने जठरास व्रण पडतात असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, आणि त्याला काळजी व जागरण यांची जोड देण्यात आली. मिरचीतील तिखट द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, त्यामुळे भाजल्यासारखे वाटते. ज्याला आधीच आम्लाचा त्रास आहे त्याला ते अधिक जाचते हेही खरे. पण भाजल्यासारखे वाटणे निराळे आणि भाजणे निराळे. ज्या इंग्लंड-अमेरिकेच्या स्वयंपाकघरात मिरची औषधालाही सापडत नसे, तेथेच विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जठरव्रणाचे रोगी उदंड होते, आणि शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांच्या 1915 सालच्या उपचारक्रमानुसार त्यांना तासातासाला दूध आणि साय पाजली जात असे. खरा अपराधी सापडला तो ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे. रॉबिन वॉरेन यांना रोग्यांच्या जठराच्या अस्तरावर मळसूत्री आकाराचे जंतू दिसले होते; परंतु आम्लात जंतू टिकणारच नाहीत या गृहीतापुढे कोणी त्यांचे ऐकेना, आणि बॅरी मार्शल यांच्या प्रयोगशाळेतील तबकड्यांवरही ते वाढेनात. 1982 साली ईस्टरच्या सुटीत दोन दिवसांनी टाकून द्यायच्या तबकड्या पाच दिवस तशाच राहून गेल्या, आणि त्यांच्यावर ते जंतू उगवले. पुढे 1984 साली मार्शल यांनी त्यांचे संवर्धन स्वतः प्राशन केले आणि थोड्याच दिवसांत जठरदाह ओढवून घेतला. 2005 साली उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज जठर व ग्रहणी यांच्या बहुतेक व्रणांचे मूळ दोन गोष्टींत सापडते: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, आणि ॲस्पिरीन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. पहिल्यावर प्रतिजैविकांचा ठरावीक दिवसांचा उपचार आहे. दुसऱ्या मात्र गुडघेदुखीसाठी कोणालाही न विचारता वर्षानुवर्षे घेतल्या जातात, आणि वर त्याच माणसाच्या पानातून ठेचा काढून टाकण्यात येतो!

आता ज्या समजुतीमुळे मनुष्य खरोखर दगावतो तिच्याकडे येतो. बेंबी सरकली, म्हणून पोट चोळून घेणे, किंवा बेंबीवर पेटती वात ठेवून तीवर तांब्या पालथा घालणे, हा प्रकार गावोगाव चालतो, आणि शहरांतही चालत नाही असे नाही. बेंबी ही जन्मकाळी कापलेल्या नाळेची खूण आहे. तिच्यामागे सरकण्यासारखे कोणतेही इंद्रिय नाही. तेथे बोट रोवले असता जे स्पंदन लागते ते पाठीच्या कण्यासमोरून जाणाऱ्या महारोहिणीचे असते. ती मध्यरेषेच्या किंचित डावीकडे असल्याने कृश माणसात ठोके बाजूला लागतात, आणि चोळणाऱ्यास आयताच पुरावा मिळतो. चोळल्यावर बरे वाटते त्याचे कारण असे की, पोटातील बहुतेक कळा आपोआपच एक-दोन दिवसांत निवतात. परंतु आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, दाह याच रीतीने सुरू होतो: प्रथम बेंबीभोवती मोघम दुखते, कारण आतड्याच्या त्या भागाचे तंतू बेंबीच्याच पातळीवर पृष्ठरज्जूत शिरतात, काही तासांनी दाह उदरपोकळीच्या आतल्या अस्तरास भिडला म्हणजे वेदना सरकून उजव्या बाजूस खाली स्थिर होते. सरकते ती वेदना, बेंबी नव्हे. या अवस्थेत पोट रगडणे किंवा एरंडेलाचा जुलाब देणे म्हणजे सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्यास हातभार लावणे होय. 1902 साली इंग्लंडचा बादशहा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक ऐन दोन दिवसांवर आला असताना याच विकाराने पुढे ढकलावा लागला. शस्त्रक्रियेस तो आधी राजी नव्हता, पण अखेर राजी झाला म्हणूनच ऑगस्टमध्ये सिंहासनावर बसला. दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली गेले, भूक मेली, उलटी झाली, ताप आला, तर चोळणाऱ्याकडे जाऊच नये.

मुलांना गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत थोडक्यात निकालात काढता येते. साखरेतून वा गुळातून जंत उत्पन्न होत नाहीत. त्यांची अंडी मलदूषित मातीतून हातांवर, न धुतलेल्या भाजीवर आणि तेथून तोंडात जातात, आणि अंकुशकृमी तर अनवाणी पायांच्या त्वचेतूनच शिरतो. लाडू बंद करून पायांत चपला दिल्या नाहीत, तर जंत राहतातच. सरकारतर्फे शाळा व अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळी वाटली जाते ती नाकारू नये.

जुलाबाच्या रोग्यास पाणी तोडण्याची चाल मात्र थोडक्यात सोडून देण्याजोगी नाही. पाणी दिले की ते तसेच वाहून जाते, तेव्हा आतड्यांना विश्रांती द्यावी, असा यामागचा तर्क. वर सांगितलेले 7 लिटर आणि आपण खातोपितो त्यातील सुमारे 2 लिटर, असे 9 लिटर द्रव रोज आतड्यांतून जातो आणि त्यातला 100 ते 200 मिलिलिटर वगळता सर्व परत शोषला जातो. पटकीसारख्या रोगात हा जमाखर्च उलटतो आणि काही तासांत शरीर सुकून रक्ताभिसरण कोलमडते. परंतु साखर आणि मीठ यांना जोडीने आत घेणारे आतड्याच्या पेशींतील दार या रोगातही उघडे राहते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जाते. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धकाळात बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातलगांच्याच हाती दिले. सुमारे 30 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण 3.6 टक्क्यांपर्यंत उतरले. दवाखान्यातील पुडी नसेल तर उकळून निवविलेल्या 1 लिटर पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, घोट घोट पाजत राहावे, आणि तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नये. हे प्रमाण मात्र काटेकोर पाळावे. मीठ अधिक झाले तर अपाय होतो.

शेवटी वायूविषयी, ज्याचा संचार आपल्या समजुतीत डोक्यापासून गुडघ्यापर्यंत सर्वत्र असतो. आतड्यातील वायू गिळलेल्या हवेतून आणि मोठ्या आतड्यातील जंतूंनी न पचलेले अन्न आंबवल्याने तयार होतो; त्याला बाहेर पडण्याच्या वाटा ठाऊकच आहेत, आणि छातीत, पाठीत वा सांध्यांत शिरून बसण्याची वाट शरीरात नाही. मात्र हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला असता होणारी वेदना पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात जाणवते, तिच्याबरोबर मळमळ आणि ढेकरही येतात, आणि मधुमेही, वृद्ध व स्त्रिया यांच्यात छातीत कळ न येताच सारे घडू शकते. 'गॅस वर चढला' म्हणून सोडा पिऊन, ओवा चावून अंथरुणावर पडून राहण्यात जो पहिला तास जातो तोच सर्वांत मोलाचा असतो. ढेकर येऊन बरे वाटले, एवढ्यावरून हृदय निर्दोष ठरत नाही. म्हणून चाळिशी उलटलेल्या माणसास छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दडपण येऊन घाम सुटला, दम लागला, वेदना हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर तिला वायूच्या नावे नोंदवण्यापूर्वी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयाचा आलेख काढून घ्यावा.